गुंडाळीच्या पाठीवर उरलेला स्टोइक : हिरोक्लीस

रानवाटा

स्टोइक, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका तत्त्वज्ञान-पंथाचे लोक, म्हटलं की सेनेका, एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस ही तीन नावं घेतली जातात आणि बहुतेक चर्चा तिथेच संपते. मला आज हिरोक्लीसबद्दल बोलायचंय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा ग्रीक लेखक. गाव, गुरू, घरदार, कशाचीच नोंद नाही. ऑलस गेलियस नावाचा रोमन लेखक जाता जाता त्याला 'पवित्र आणि भारदस्त माणूस' म्हणून जातो, तेवढंच.

त्याचं लिखाण दोन वाटांनी आपल्यापर्यंत आलं. पहिली वाट स्तोबेयसची. पाचव्या शतकात मॅसिडोनियातल्या स्तोबी गावच्या या गृहस्थाने आपल्या सेप्टिमियस नावाच्या मुलाच्या शिक्षणासाठी शेकडो लेखकांचे वेचे काढून एक थोरला संग्रह केला. त्यात हिरोक्लीसचे उतारे आहेत : देवांशी, मायदेशाशी, आईवडिलांशी, भावंडांशी, नातलगांशी कसं वागावं, लग्न का करावं, घर कसं चालवावं. मूळ पुस्तक गेलं. पोरासाठी उतरवलेलं राहिलं.

दुसरी वाट इजिप्तची. १९०१ साली लुडविग बोरखार्ट या जर्मन संशोधकाने कैरोत पपायरसच्या काही गुंडाळ्या विकत घेतल्या. त्या मूळच्या हर्मोपोलिसच्या, म्हणजे आजच्या अश्मुनैनच्या. त्यातल्या एका गुंडाळीच्या मागच्या बाजूला हिरोक्लीसचं 'नीतिशास्त्राची मूलतत्त्वे' निघालं. बर्लिनच्या संग्रहात तिचा क्रमांक ९७८०. फोन आर्निम या अभ्यासकाने १९०६ साली ते छापलं. पहिले रकाने बरे वाचता येतात, पुढे पुढे भोकं वाढत जातात आणि मजकूर तुटतो.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. स्तोबेयसमधल्या एका उताऱ्यात हिरोक्लीस म्हणतो की प्रत्येक माणसाभोवती एकात एक वर्तुळं आहेत. मधला बिंदू म्हणजे आपलं मन आणि त्याला लागून आपलं शरीर. दुसऱ्या वर्तुळात आईवडील, भावंडं, जोडीदार, मुलं. तिसऱ्यात काका, मामा, आत्या, मावश्या, आजी-आजोबा, भाचे-पुतणे, चुलत-मावस भावंडं. मग लांबचे नातलग, मग वस्तीतली माणसं, मग नगरातली, शेजारच्या नगरांतली, मग आपल्या वंशाची, आणि सगळ्यात बाहेर अख्खी मानवजात. शहाण्या माणसाचं काम काय, तर ही वर्तुळं जमेल तेवढी केंद्राकडे ओढत राहणं. बाहेरच्याला एक घर आत घ्यायचं. तो उपायही सांगतो : चुलत भावंडांना भाऊ-बहीण म्हणा, काका-मावशीला वडील-आई म्हणा, लांबच्यांना वयाप्रमाणे काका किंवा पुतण्या म्हणा.

मला हा उतारा फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'सगळी माणसं समान' हे वाक्य उच्चारून तो मोकळा होत नाही. रक्ताच्या अंतरामुळे माया थोडी पातळ होते, हे तो मान्य करतो आणि मग म्हणतो, ती कसर प्रयत्नाने भरा.

तुम्हाला काय वाटतं? लांबच्या माणसाला असं सरावाने जवळ आणता येतं का? कुणी केलंय का?

बडीशेप

मागच्या बाजूला म्हणजे? पुढच्या बाजूला कोण होतं?

रानवाटा

@बडीशेप, पुढच्या बाजूला अलेक्झांड्रियाचा दिदुमोस होता. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनीस याच्या भाषणांवरचं त्याचं भाष्य. पपायरस महाग असायचा, त्यामुळे वापरलेल्या गुंडाळीची पाठ दुसऱ्या मजकुरासाठी वापरायचे. विद्वानांनी आधी दिदुमोसच छापला, १९०४ मध्ये, कारण त्याचं नाव मोठं. हिरोक्लीसची पाळी दोन वर्षांनी आली.

आणि एक गंमत. या दिदुमोसने चार हजार पुस्तकं लिहिली, असं सेनेका एका पत्रात सांगतो आणि म्हणतो की एवढी निरर्थक पुस्तकं नुसती वाचली असती तरी मला त्याची कीव आली असती. त्या चार हजारांतलं जवळजवळ सगळं गेलं. उरलेल्यातल्या एका तुकड्याच्या पाठीवर सेनेकाच्याच पंथाचा माणूस लिहिलेला निघाला.

खडूफळा

सुरेख विषय, रानवाटाताई. थोडी भर घालतो.

हिरोक्लीस विस्मरणात जायला त्याच्या नावाचाही हातभार लागला. अलेक्झांड्रियात पाचव्या शतकात आणखी एक हिरोक्लीस होऊन गेला, नवप्लेटोवादी, पायथागोरसच्या म्हणवल्या जाणाऱ्या 'सुवर्णवचनां'वर भाष्य लिहिणारा. तो प्रसिद्ध होता. त्यामुळे स्तोबेयसमधले उतारे कित्येक शतकं त्याच्याच खात्यावर जमा होत राहिले. १८२२ साली थॉमस टेलर यांनी ते इंग्रजीत आणले तेव्हाही तीच समजूत होती. कार्ल प्रेख्टर यांनी १९०१ मध्ये मतं आणि विषयांची मांडणी ताडून दाखवून दिलं की हा लेखक स्टोइक आहे आणि सुमारे तीन शतकं आधीचा आहे. त्याच साली बोरखार्ट यांनी ती गुंडाळी विकत घ्यावी, हा योग विलक्षणच. इतकी शतकं ज्याला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं, त्याला एकाच वर्षात नाव मिळालं आणि दुसरं पुस्तकही.

उताऱ्यांमध्ये त्याची लिहिण्याची ढब दिसते. मायदेशावर लिहिताना म्हणतो, पाच बोटांपेक्षा एका बोटाची काळजी करणारा मूर्ख, कारण पाच जपली की ते एकही त्यात आलंच. मग लोक्री या जुन्या ग्रीक नगराच्या कायद्याचं उदाहरण देतो : ज्याला जुना कायदा बदलायचा असेल त्याने गळ्यात फास अडकवून सभेत यावं, सूचना फेटाळली गेली तर तिथेच फास आवळायचा. हिरोक्लीसला ही प्रथा पसंत आहे. मला नाही. पण तो गुळगुळीत लिहिणारा नव्हता हे कळावं म्हणून सांगितलं.

तिरफळ

मला यात नवीन काही दिसत नाही. 'अयं निजः परो वेति गणना लघुचेतसाम्' हे आपल्याकडे शाळेत शिकवतात. हा आपला, तो परका अशी मोजदाद कोत्या मनाची. उदार माणसाला वसुधाच कुटुंब. ज्ञानोबा बाराव्या अध्यायात म्हणतात, 'हे विश्वचि माझे घर, ऐसी मति जयाची स्थिर'. हिरोक्लीस तर वर्तुळं आखून नेमकी तीच गणना करत बसलाय. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर. हा कोतेपणाच झाला की.

रानवाटा

@तिरफळ, मी उलट म्हणेन. ज्ञानोबांची ओवी भक्ताच्या लक्षणांत येते, पोचलेल्या माणसाचं वर्णन आहे ते. तिथपर्यंत ज्याची मती स्थिर झालेली नाही, आणि ती बहुतेकांची नाही, त्याने सोमवारी सकाळी काय करायचं? हिरोक्लीस त्याच्याशी बोलतो. तू आत्ता कुठे उभा आहेस ते बघ, तुझ्यापासून तिसऱ्या घरात कोण आहे ते बघ, आणि त्याला दुसऱ्यात घे. मोजल्याशिवाय हे कसं करणार? शेवट त्याचाही मानवजातीपर्यंतच जातो.

इंदूरकर_सून

माझा अनुभव थोडा कडवट आहे, तरी लिहिते.

आमच्या सासरी इंदुरात मोठा वाडा होता. मराठी माणसं, गोतावळा मोठा. चुलतसासऱ्यांना सगळे 'आबा' म्हणायचे, दीर चुलत की सख्खा हे लग्नानंतर बरेच दिवस मला कळलं नव्हतं. त्या अर्थी हिरोक्लीसचा उपाय आमच्याकडे आधीपासून चालू होता आणि त्याचा फायदाही झाला. आबा अंथरुणाला खिळले तेव्हा पुतणे पाळी लावून रात्री जागले. कुणी 'माझे वडील थोडेच' असं म्हटलं नाही.

पण त्याच घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईंना सगळे 'मावशी' म्हणायचे आणि त्यांचा कप वेगळा होता. खिडकीत उपडा ठेवलेला, कान तुटलेला. लहान पोरांनाही तो कप माहीत होता. मी तो बदलला तेव्हा बोलाचाली झाली. आईच्या बहिणीला लावायचं नाव द्यायचं आणि वर्तुळ जिथल्या तिथे ठेवायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. हाक मारणं फुकट असतं. त्यामुळे त्याच्या उपायावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

बडीशेप

ताई, कपाचं वाचून गप्प झालो. आमच्याकडेही होता.

खडूफळा

@इंदूरकर_सून, तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि त्यावर हिरोक्लीसकडे काय आहे ते सांगणं भाग आहे.

भावंडांवरच्या उताऱ्याच्या सुरुवातीलाच तो एक नियम देतो : कुणाशीही कसं वागावं हे कळायचं असेल तर त्याच्या जागी स्वतःला आणि स्वतःच्या जागी त्याला ठेवून बघा. आणि पहिलं उदाहरण गुलामाचं घेतो. हा मालक असता आणि मी त्याचा दास असतो, तर मला त्याने कसं वागवावं असं वाटलं असतं, एवढा विचार केला तर माणूस गुलामाशीही नीट वागेल. त्यानंतर आईवडील आणि मुलं, मग भाऊ. म्हणजे हाक हे नुसतं एक साधन, वागण्याची कसोटी ही जागा बदलण्याची. तुटक्या कानाचा कप या कसोटीवर एक क्षण टिकत नाही.

गुलामगिरीच चूक आहे, असं मात्र तो कुठे म्हणत नाही. त्या काळाच्या भिंतीबाहेर तो गेला नाही, हेही सांगायला हवं.

कातळशिल्प

आता मी खरा विरोधी पक्ष मांडतो, कारण तो फार जुना आहे आणि त्याच मातीतून निघालाय.

बर्लिनच्या त्याच खरेदीत आणखी एक गुंडाळी आली, क्रमांक ९७८२. तीही हर्मोपोलिसची. प्लेटोच्या 'थेआयटेटस' संवादावरचं एका निनावी भाष्यकाराचं लिखाण, १९०५ साली छापलं गेलं. या भाष्यकाराने नेमकं स्टोइकांना पकडलंय. तो विचारतो : स्वतःबद्दल वाटणारं आपलेपण आणि जगाच्या टोकाच्या कुणा मिशियन माणसाबद्दलचं आपलेपण सारखंच असतं का? सारखं असेल तर न्याय शाबूत राहतो. पण अनुभव तसा नाही. मग तो जहाजफुटीचं उदाहरण घेतो. दोघांपैकी एकच वाचू शकत असेल तर काय होईल? आणि एकदा आपलेपणात कमी-जास्त मान्य केलं की त्यावर न्यायाची इमारत उभी राहत नाही.

मला हा युक्तिवाद पटतो. मायेवर न्याय बांधायचा म्हणजे ज्याची आपल्याला माया नाही त्याचं काय? लांबच्या माणसाचे हक्क त्याला मी 'भाऊ' म्हणण्यावर अवलंबून कशाला ठेवायचे? कायदा हवा, मग त्याला मी कुठल्याही वर्तुळात ठेवेना.

जहाज फुटल्यावर एकाच फळीला धरलेल्या दोन बुडत्या शहाण्यांचा प्रश्न रोड्सच्या हेकातोननेही विचारला होता. हा हिरोक्लीसच्या आधीचा स्टोइक, पनाइटियसचा शिष्य. त्याचं 'कर्तव्यांविषयी' हे पुस्तक पूर्ण गेलं, पण रोमन लेखक सिसेरोने सहाव्या भागातले काही प्रश्न उतरवून ठेवलेत. उत्तर असं : ज्याचं जगणं त्याच्या स्वतःसाठी किंवा समाजासाठी जास्त मोलाचं, त्याला दुसऱ्याने फळी सोडावी. दोघं सारखेच असतील तर झोंबाझोंबी नाही, चिठ्ठी टाकून हरल्यासारखं एकाने बाजूला व्हावं. आणखी एक : वादळात जहाजाचा भार कमी करायचाय, महागडा घोडा फेकायचा की स्वस्तातला गुलाम? सिसेरो नोंदवतो की इथे मालमत्तेचा हिशेब एकीकडे ओढतो आणि माणुसकी दुसरीकडे. हा प्रश्न विचारावासा वाटला, यातच त्या जगाची परिस्थिती कळते.

तिरफळ

@कातळशिल्प, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या एकाच गावात या धाग्याचे दोन्ही पक्ष शेजारी पडून होते! हे भारी आहे.

मोगरी

कायद्याचं बरोबर आहे, कातळशिल्पदादा, पण कायदा रात्री अडीच वाजता कूस बदलून देत नाही.

मी परिचारिका आहे. आमच्याकडे येणारी माणसं आधी खाटेचा क्रमांक म्हणूनच येतात, त्याशिवाय काम होत नाही. मी नवीन असताना आमच्या वरिष्ठ सिस्टरांचा दंडक होता की रुग्णाला हाक मारायची ती नावाने किंवा आजी, काका, दादा अशीच. 'बारा नंबर' म्हणायचं नाही. सुरुवातीला तो नुसता नियम वाटायचा. पण 'आजी, सुई टोचतेय हं' असं म्हटलं की हात आपोआप सावकाश होतो, हे मी स्वतःच्या हातात पाहिलंय. इंदूरकर ताईंचं म्हणणं खरं, हाक पुरेशी नाही. माझ्या अनुभवात ती सुरुवात मात्र होते.

दुसरी बाजूही सांगते. वॉर्डमधल्या सगळ्या आज्यांना आत ओढता ओढता माझ्या आईचा फोन उचलायचा राहून जातो. घरी गेल्यावर बोलायचं त्राण नसतं. ही वर्तुळं आत घेतली की मधल्या जागेवर दाब येतो, त्याबद्दल तुमचा हिरोक्लीस काही म्हणतो का?

बडीशेप

विषयांतर करतो, थोडा श्वास घेऊ. त्या पपायरसमध्ये प्राण्यांचं बरंच आहे असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

रानवाटा

@बडीशेप, विषयांतर अजिबात नाही, तिथूनच सुरुवात आहे आणि मोगरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही तिथेच आहे.

'मूलतत्त्वे'चा पहिला प्रश्न असा : नुकत्या जन्मलेल्या जिवाला स्वतःची जाणीव असते का? हिरोक्लीस म्हणतो, असते, अगदी पहिल्या क्षणापासून. बैलाला आपली शिंगं कशासाठी आहेत ते शिकवावं लागत नाही. अस्वलाला ठाऊक असतं की आपलं डोकं नाजूक आहे, मार बसायला लागला की ते पंजे डोक्यावर घेतं. कोंबडीचं पिल्लू बैलाला घाबरत नाही, मुंगसासारख्या छोट्या शिकारी प्राण्याला घाबरतं. बीव्हर नावाच्या पाणप्राण्याची शिकार ज्या अवयवासाठी करतात तो त्याला माहीत असतो आणि तो स्वतःच तोडून टाकून पळतो, अशीही गोष्ट तो देतो. (प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती खोटी आहे, पण त्या काळी सगळेच सांगायचे.)

माझा आवडता भाग झोपेचा आहे. झोपेतही जाणीव विझत नाही, हे दाखवायला तो म्हणतो, गाढ झोपेतला माणूस थंडी वाजली की पांघरूण ओढून घेतो. दारुड्या झोपला तरी हातातला बुधला सोडत नाही, कंजूष थैली घट्ट धरून झोपतो. आणि लहान मुलांना अंधाऱ्या खोलीत एकटं ठेवलं की ती का घाबरतात? काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, तेव्हा आपणच नाहीसे होतोय असं त्यांना वाटतं. अठराशे वर्षांपूर्वी मुलांकडे इतक्या बारकाईने पाहणारा तत्त्वज्ञ मला दुसरा माहीत नाही.

यातून तो पुढची पायरी चढतो. ज्याला स्वतःची जाणीव आहे त्याला स्वतः आपलासा वाटतो, म्हणून तो स्वतःला जपतो. स्टोइक याला ओइकेइओसिस म्हणत. मोगरी, त्याच्या चित्रात पहिलं वर्तुळ आपल्या मनाचं आणि देहाचं आहे. बाकी सगळी वर्तुळं त्याच्याभोवती काढलेली आहेत. तो केंद्र पुसा असं कुठेही म्हणत नाही.

उत्तररात्र

मला मूळ प्रश्नाआधी दुसरंच छळतंय. एवढा मोठा पंथ, पाचशे वर्षं चाललेला, आणि त्याचं लिखाण असं भुईसपाट कसं झालं?

ख्रुसिप्पोस घ्या, स्टोइकांचा खरा बांधणीकार. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा दिओगेनीस लाएर्तियस सांगतो की त्याची ७०५ हून जास्त पुस्तकं होती आणि विषयवार यादी द्यायला लागतो. ती यादीच अर्ध्यात तुटलेली आहे! नीतिशास्त्राच्या नावांत येते आणि संपते, कारण दिओगेनीसच्या ग्रंथातल्या सातव्या पुस्तकाचा शेवट हरवलाय. म्हणजे पुस्तकं तर गेलीच, पुस्तकांची नावंही पुरती उरली नाहीत. सहाव्या शतकात सिम्प्लिकियस हा तत्त्वज्ञ लिहितो की स्टोइकांचं बहुतेक लिखाण आता मिळत नाही.

जाळपोळीपेक्षा मला साधं कारण पटतं. पपायरस दमट हवेत टिकत नाही, दर काही पिढ्यांनी कुणीतरी बसून नवी नक्कल करावी लागते. उत्तरकाळात अथेन्स आणि अलेक्झांड्रियाच्या शाळांत प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल शिकवत होते, त्यांच्याच नकला झाल्या. ज्याचा वर्ग भरत नाही त्याची नक्कल कोण करणार? ख्रुसिप्पोसची लांबलचक अवतरणं आज मिळतात ती मुख्यतः त्याला झोडपणाऱ्या गालेन आणि प्लूटार्क यांच्या पुस्तकांत. आपल्याकडे लोकायतांचं, म्हणजे चार्वाकांचं, तेच झालं, त्यांचं म्हणणं पूर्वपक्ष म्हणून विरोधकांच्या ग्रंथांत उरलं.

इटलीतल्या हर्क्युलेनियमची आशा मात्र आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने गाडलेल्या बंगल्यातलं ग्रंथालय. २०२४ च्या फेब्रुवारीत तिघा तरुणांनी तिथली एक कोळसा झालेली गुंडाळी न उलगडता, क्ष-किरण आणि संगणकाच्या मदतीने, कित्येक रकाने वाचून दाखवली. ग्रंथालय मुख्यतः एपिक्युरसवाल्यांचं, म्हणजे सुखालाच ध्येय मानणाऱ्या विरोधी पंथाचं, पण ख्रुसिप्पोसच्या गुंडाळ्याही त्यात सापडल्या आहेत. कुणी सांगावं, हिरोक्लीस तिथेही निघेल.

खडूफळा

@उत्तररात्र, तिथे निघायचा नाही. ज्वालामुखी ७९ चा, हिरोक्लीस त्यानंतरचा. त्याची भिस्त इजिप्तच्या कोरड्या वाळूवरच.

ओवीबद्ध

उत्तररात्र, लोकायतांपेक्षा मला इथे महानुभाव जास्त आठवले. लीळाचरित्र म्हाइंभटाने चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन जाऊन, विचारून विचारून जमवलं. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली आणि शिष्यांनी पाठ असलेल्यातून ती पुन्हा उभी केली, असं पंथाची परंपरा सांगते. शिवाय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत पोथ्या जपल्या. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं. पण मठांत माणसं होती, ती रोज वाचत होती. स्टोइकांचे मठ नव्हते. शिक्षक गेला, शिष्य पांगले, संपलं. एपिक्टेटसने स्वतः काही लिहिलं नाही, एरियन या शिष्याने उतरवून घेतलेल्या आठ भागांपैकी चार उरलेत.

लिखाण टिकायला हिरोक्लीसचं दुसरं-तिसरं वर्तुळ लागतं, असं मला यातून दिसतं. स्तोबेयसचा मुलगा नसता तर आज हा धागा नसता.

इंदूरकर_सून

खडूफळा सर, जागा बदलून बघण्याचा नियम वाचला, पटला. त्यानंतर घरच्या कामांवरचा आणि लग्नावरचा उतारा शोधून वाचला. त्यावर बोलायचंय.

शेत, बाजार, नगरातली कामं पुरुषाची. सूतकताई, भाकरी, घरातलं सगळं बाईचं. ठीक, त्या काळी दुसरं काय लिहिणार. पण पुढे तो म्हणतो की दोघांनी एकमेकांच्या कामाची चव घ्यावी, आणि ज्या पुरुषाला आपल्या पुरुषपणाची खात्री आहे त्याने लोकरीच्या कामालाही हात लावायला लाजू नये. हे वाचून मी थांबले. लग्न ओझं का होतं, यावरही त्याचं म्हणणं स्पष्ट आहे : दोष लग्नाचा नाही, हुंडा बघून, रूप बघून जोडीदार निवडणाऱ्यांचा.

आईवडिलांच्या उताऱ्याने मात्र मला त्रास झाला. ते घरातले देवच, त्यांचे पाय धुवावेत, अंथरूण घालावं, नोकरासारखं उभं राहावं. ऐकायला छान. ही कामं प्रत्यक्षात कोण करतं? आमच्या वाड्यात मुलगे नमस्कार करायचे आणि पाय सुना चेपायच्या.

आणि गेलियसने जपलेलं त्याचं ते वाक्य, 'सुख हेच ध्येय, हा वेश्येचा सिद्धान्त. विधात्याची योजना नाही, हा तर वेश्येचाही सिद्धान्त नव्हे.' एपिक्युरसला हाणायला बाईला मध्ये आणायची गरज नव्हती. त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं असतं तर हे वाक्य लिहिलं नसतं. त्याचीच कसोटी लावतेय मी.

कातळशिल्प

वरच्या प्रतिसादाला माझा नमस्कार.

खडूफळा

@इंदूरकर_सून, पाय धुण्याचं एवढंच म्हणेन की उताऱ्यात ती कामं खुद्द मुलांना सांगितली आहेत, आणि ती दासांची कामं आहेत हे माहीत असूनही करा असं म्हटलंय. सुनेवर ढकला असं नाही. तुमच्या वाड्यातल्या मुलग्यांना हिरोक्लीसने सोडलं नसतं. गेलियसमधल्या वाक्याचं समर्थन मी करणार नाही.

तिरफळ

परत पहिल्या प्रश्नावर. इतकं सगळं वाचून माझं मत थोडं सरकलंय. माझ्या सख्ख्या भावाशी माझं काही वर्षं बोलणं नाही. जमिनीचा वाद, कारण नेहमीचंच. मी इथे विश्वचि माझे घर लिहिलं आणि दुसऱ्याच वर्तुळातला माणूस बाहेर आहे. भावंडांवर तो काय म्हणतो ते कुणी नीट सांगेल का?

रानवाटा

@तिरफळदादा, सांगते.

तो म्हणतो, डोळ्याला, हाताला, पायाला वेगळा जीव आणि वेगळी बुद्धी असती, तर प्रत्येकाने दुसऱ्या अवयवांना जपलं असतं, कारण एकट्याने त्यांचं स्वतःचं कामही धड होत नाही. भावंडं तशी. मग तो नेमका तुमचा प्रश्न घेतो : भाऊ वाईट वागत असेल तर? तर त्याच्यापेक्षा चांगलं वागून त्याला जिंका. तिथे सॉक्रेटिसच्या परंपरेतला एक किस्सा देतो. एकजण रागाने म्हणाला, 'तुझा सूड घेतला नाही तर मला मरण येवो.' दुसरा म्हणाला, 'तुला आपलासा केला नाही तर मला मरण येवो.'

जमिनीचा निकाल कसा लागावा हे यात नाही, कातळशिल्प म्हणतात तो कायदा त्यासाठी लागेलच. पण निकाल लागेपर्यंत फोन करायला हरकत नसावी.

आणि पपायरसबद्दल एक राहिलं. अकराव्या रकान्यात हिरोक्लीस प्राण्यांकडून माणसांच्या समाजाकडे वळतो. आपण कळपाने राहणारे जीव, आपल्याला दुसरा लागतोच, म्हणून नगरात राहतो. आणि मैत्री किती सहज जुळते ते सांगतो : एकत्र जेवलं, नाट्यगृहात शेजारी बसलं, की ओळख होते. त्यानंतर मजकूर फाटत जातो. परका आपला कसा होतो, याचं त्याचं सविस्तर उत्तर नेमकं तिथे असावं असं मला फार वाटतं. पण सुरुवातीला त्याने जेवणच घेतलंय, हे महत्त्वाचं. इंदूरकर ताईंनी कप बदलला, तो याच ओळीतला प्रयत्न होता.

इंदूरकर_सून

नंतर त्या बाई आमच्याबरोबर स्वयंपाकघरात चहा घ्यायच्या. सासूबाईसुद्धा बसायला लागल्या, बऱ्याच काळाने.

मोगरी

रानवाटाताई, हे उतारे मराठीत आहेत का कुठे? इंग्रजीत वाचायचं म्हटलं तर रात्रपाळीत डोळे मिटतात.

रानवाटा

इंग्रजीत २००९ चं मूळ ग्रीकसह केलेलं भाषांतर आहे, त्यात पपायरस आणि स्तोबेयसचे उतारे दोन्ही आहेत. त्यावरून मी भावंडांचा उतारा मराठीत करायला घेते आणि इथेच टाकते. खडूफळा सर, तुम्ही मूळ ग्रीक बघून तपासाल का? वर्तुळांचा उतारा त्यानंतर.

खडूफळा

तपासतो. जरूर टाका.